पगारपत्रकापासून अर्थसंकल्पापर्यंत: साध्या मजकुराच्या फाईलमध्ये स्वतःचा हिशेब ठेवण्याची पद्धत

मी सॉफ्टवेअर लिहिण्याचे काम करते आणि गेली अनेक वर्षे माझ्या पैशाचा सगळा हिशेब एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये ठेवते. त्याआधी मी एका मोबाईल अ‍ॅपवर विसंबून होते. ते अ‍ॅप बंद पडले तेव्हा तीन वर्षांच्या नोंदींतून मला परत मिळाली ती केवळ तारीख आणि रक्कम यांची यादी. कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात पैसे गेले, हा सगळा संबंध पुसला गेला होता. त्या अनुभवानंतर मी ठरवले की माझा हिशेब कोणत्याही संगणकावर उघडता आला पाहिजे, त्यातला प्रत्येक आकडा तपासून पाहता आला पाहिजे आणि प्रत्येक बदलाचा माग राहिला पाहिजे. प्रोग्राम लिहिताना आपण या तीन गोष्टींचा आग्रह धरतोच. तोच आग्रह पैशाच्या बाबतीत धरायचा आहे.

हा लेख नवख्यांसाठी आहे. तुम्हाला थोडेफार प्रोग्रामिंग येत असेल तर सहावी आणि नववी पायरी अधिक उपयोगी पडेल. येत नसेल तरी पहिल्या पाच पायऱ्या आणि सातवी पायरी हाताने पूर्ण करता येतात. शेवटच्या दोन पायऱ्या सार्वजनिक धोरणाबद्दल आहेत, कारण स्वतःचा कर आणि स्वतःची महागाई मोजायची सवय लागली की सरकारी आकड्यांकडे पाहण्याची नजरही बदलते. उदाहरणांतले आकडे कल्पित आहेत आणि त्यांना मुद्दामच कोणत्याही देशाचे चलन लावलेले नाही.

सुरुवातीला काय हाताशी हवे

- प्रत्येक बँक खात्याचे आणि क्रेडिट कार्डाचे मागील एका महिन्याचे विवरण, शक्य असल्यास पीडीएफ आणि सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली मजकुराची फाईल) अशा दोन्ही रूपांत
- मागील महिन्याचे पगारपत्रक आणि मागील वर्षाचे कर-विवरणपत्र
- कर्ज असल्यास परतफेडीचे वेळापत्रक, ज्यात प्रत्येक हप्त्यातील मुद्दल आणि व्याज वेगळे दाखवलेले असते
- गुंतवणुकीचे विवरण, ज्यात युनिटची संख्या आणि खरेदीची किंमत दिलेली असते
- साधा मजकूर-संपादक, गिट (फाईलमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारा प्रोग्राम), आणि खाली दिलेल्यांपैकी एक हिशेब-प्रोग्राम

१. सुरुवातीची तारीख ठरवा आणि मागचे सोडून द्या

नवखा माणूस सगळ्यात आधी अडखळतो तो इथे. मागच्या पाच वर्षांची विवरणे गोळा करून ‘पूर्ण’ हिशेब मांडायचा प्रयत्न केला की दुसऱ्याच आठवड्यात काम थकवते आणि फाईल कायमची बाजूला पडते. येत्या महिन्याची पहिली तारीख निवडा, त्या दिवशीची प्रत्येक खात्यातील शिल्लक लिहा आणि तिथून पुढे चला. मागील काळ पुढे कधी खरोखर लागलाच, तर तेवढाच भाग नंतर भरता येतो.

२. पाच प्रकारची खाती समजून घ्या

दुहेरी नोंदीची पद्धत जुनी आहे. लुका पाचोली यांनी १४९४ मध्ये व्हेनिस येथे छापलेल्या गणिताच्या ग्रंथात तिचे सविस्तर वर्णन केले, आणि तेव्हाही ती तिथल्या व्यापाऱ्यांच्या नित्य वापरात होती. तिचा गाभा एका वाक्याचा आहे: पैसा कुठून तरी येतो आणि कुठे तरी जातो, म्हणून प्रत्येक व्यवहाराची किमान दोन ठिकाणी नोंद होते आणि त्या नोंदींची बेरीज शून्य येते.

खाती पाच प्रकारची असतात: मालमत्ता, देणी, उत्पन्न, खर्च आणि इक्विटी. आपल्याजवळ जे आहे ती मालमत्ता, आपण ज्याचे देणे लागतो ती देणी; उत्पन्न आणि खर्च यांचा अर्थ उघड आहे. इक्विटी हे नाव अनोळखी वाटले तरी वैयक्तिक हिशेबात तिचे काम मर्यादित असते: सुरुवातीच्या शिलकीची दुसरी बाजू तिच्यात पडते.

नावे आणि जमा या जोडीने गोंधळ होत असेल तर मजकुराच्या फाईलमध्ये तिची गरज नाही. तिथे अधिक आणि उणे एवढेच असते. मात्र त्यामुळे उत्पन्न आणि देणी उणे दिसतात आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला पगार उणे दिसला की काहीतरी चुकल्यासारखे वाटते. त्यात काहीही चुकलेले नसते: पगाराच्या खात्यातून पैसा निघाला म्हणून ते उणे, बँकेच्या खात्यात पोचला म्हणून ते अधिक.

खर्चाची खाती सुरुवातीला दहा-बाराच ठेवा. मी पहिल्या वर्षी साठ उपखाती केली होती आणि प्रत्येक नोंदीपाशी ‘हे नेमके कशात घालू’ असा विचार करत बसत असे. ज्या भेदामुळे तुमचा एखादा निर्णय बदलणार नाही, तो भेद खात्यांच्या यादीत नको.

३. प्रोग्राम निवडा

तीन मुक्त प्रोग्राम अधिक प्रचलित आहेत. जॉन विग्ली यांनी २००३ मध्ये सुरू केलेला लेजर हा यातला आद्य. सायमन मायकल यांचा हॅस्केल भाषेत लिहिलेला एचलेजर त्याच वळणाचा आहे आणि त्याचे दस्तऐवज नवख्यांना सोपे जातात. मार्टिन ब्ले यांचा बीनकाऊंट अधिक काटेकोर आहे. प्रत्येक खाते वापरण्यापूर्वी उघडल्याची नोंद तो मागतो आणि फावा या जोड-प्रोग्राममुळे त्याचे तक्ते ब्राउझरमध्ये पाहता येतात. पायथन येत असेल तर बीनकाऊंट, नाही तर एचलेजर, असा माझा सल्ला आहे. निवडीवर एका संध्याकाळपेक्षा जास्त वेळ घालवू नका, कारण मजकूर एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत नेता येतो.

खात्यांची नावे मराठीत लिहायची असतील तर एचलेजरमध्ये ती चालतात. मात्र मालमत्ता कोणती आणि खर्च कोणता हे तो इंग्रजी नावांवरून आपोआप ओळखतो. मराठी नावांसाठी प्रत्येक मुख्य खात्याचा प्रकार फाईलच्या आरंभी जाहीर करावा लागतो. ते न केल्यास ताळेबंद मागितला की कोरा येतो आणि कारण लवकर सापडत नाही. आकडेही फाईलमध्ये कीबोर्डवरचे इंग्रजीच टाइप करावेत. खालील उदाहरणांत ते केवळ वाचनासाठी देवनागरीत आहेत.

४. पहिली नोंद लिहा आणि फाईल सुरक्षित करा

आरंभीच्या शिलकीची नोंद अशी दिसते:

    २०२५-०४-०१ * आरंभीची शिल्लक
        मालमत्ता:बँक:बचत        ४२३१०.५०
        मालमत्ता:रोख            १२००.००
        देणी:क्रेडिट कार्ड      -८४५०.००
        इक्विटी:आरंभ

शेवटच्या ओळीत रक्कम लिहिलेली नाही. बेरीज शून्य यायला हवी असल्याने प्रोग्राम ती स्वतः काढतो. इथे ती उणे ३५,०६०.५० येईल, म्हणजे त्या दिवशीची तुमची निव्वळ संपत्ती ३५,०६०.५० आहे. अनेकांनी हा आकडा आयुष्यात पहिल्यांदा याच क्षणी पाहिलेला असतो.

इथे तीन सापळे आहेत. पहिला, लेजर आणि एचलेजरमध्ये खात्याचे नाव आणि रक्कम यांच्यात किमान दोन मोकळ्या जागा हव्यात, कारण नावात एक मोकळी जागा चालते; एकच जागा सोडली तर रक्कम नावाचाच भाग मानली जाते. दुसरा, हजाराचा स्वल्पविराम. ‘१,०००’ असे लिहिल्यास एचलेजर त्यातला स्वल्पविराम दशांशचिन्ह समजू शकतो आणि हजाराचा एक होतो. दशांशचिन्ह कोणते ते फाईलच्या आरंभी जाहीर करा किंवा स्वल्पविराम वापरूच नका. तिसरा, तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस या आयएसओ ८६०१ च्या क्रमाने लिहा. ०३/०४ ही तारीख मार्चमधली की एप्रिलमधली हे सहा महिन्यांनी तुम्हालाही सांगता येणार नाही.

फाईल गिटमध्ये ठेवा, पण भांडार, म्हणजे फाईल आणि तिचा इतिहास जिथे साठतो ती जागा, खासगी असू द्या आणि त्याची एक प्रत कूटबद्ध करून दुसऱ्या जागी ठेवा. खाते क्रमांक, कार्ड क्रमांक किंवा पासवर्ड फाईलमध्ये कधीही लिहू नका. चुकून लिहिला गेला आणि पुढच्या कमिटमध्ये, म्हणजे गिटने नोंदवलेल्या पुढच्या बदलात, खोडला, तरी गिटच्या इतिहासात तो तसाच राहतो. अशा वेळी तो पासवर्ड बदलणे हाच खात्रीचा उपाय आहे.

५. पगार पूर्ण लिहा, हातात आलेला नव्हे

बहुतेक जण बँकेत जमा झालेली रक्कम म्हणजेच पगार असे लिहितात. तसे केले की कर, निवृत्तिनिधी आणि विमा या तीनही गोष्टी हिशेबातून अदृश्य होतात आणि वर्षअखेरीस आपण नेमके किती कमावले व त्यातले सरकारकडे किती गेले, हे कळण्याचा मार्गच उरत नाही. पगारपत्रक समोर ठेवून प्रत्येक ओळ उतरवा:

    २०२५-०४-३० * एप्रिलचा पगार
        मालमत्ता:बँक:बचत         ६५५००.००
        मालमत्ता:निवृत्तिनिधी       ६०००.००
        खर्च:प्राप्तिकर             ७०००.००
        खर्च:आरोग्य विमा          १५००.००
        उत्पन्न:पगार            -८००००.००

निवृत्तिनिधीची कपात पगारपत्रकावर कराशेजारीच छापलेली असली तरी ती खर्चाच्या खात्यात जात नाही. तो पैसा तुमचाच आहे, फक्त दुसऱ्या डब्यात गेला आहे. हीच गोष्ट कर्जाच्या हप्त्याची: त्यातील व्याज हा खर्च आणि मुद्दल म्हणजे देणे कमी होणे. परतफेडीचे वेळापत्रक समोर ठेवून हप्ता दोन ओळींत फोडला की पहिल्या वर्षांत हप्त्याचा केवढा मोठा भाग व्याजातच जातो, ते उघड्या डोळ्यांनी दिसते. मुदतीआधी थोडी परतफेड करावी का, या प्रश्नाचे उत्तर मला त्या दोन ओळींनीच दिले.

कराचा परतावा मिळाला तर तो उत्पन्नात टाकू नका. तो आधी जास्त भरलेला कर आहे, म्हणून ‘खर्च:प्राप्तिकर’ याच खात्यात उणे रक्कम लिहा. त्याचप्रमाणे क्रेडिट कार्डाचे बिल भरणे हाही खर्च नाही. खर्च कार्ड वापरले त्या दिवशीच झालेला असतो; बिल भरताना बँकेतील मालमत्ता आणि कार्डाचे देणे दोन्ही कमी होतात, इतकेच. ही चूक केली की प्रत्येक खर्च दोनदा मोजला जातो.

६. सीएसव्हीवरून नोंदी आणण्याची स्क्रिप्ट लिहा

पहिला महिना सगळे हाताने लिहा, मगच स्क्रिप्टकडे वळा. हाताने लिहिल्याशिवाय विवरणातले विचित्र कोपरे कळत नाहीत आणि स्क्रिप्ट चुकीच्या गृहीतकांवर उभी राहते.

पैशासाठी तरंगता दशांश, म्हणजे फ्लोट, वापरू नका. पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज केल्यास ०.३०००००००००००००००४ येते, कारण ०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत अचूक मांडता येत नाही. डेसिमल हा प्रकार वापरा आणि त्याला आकडा अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणून द्या. फ्लोट म्हणून दिला तर ती चूक डेसिमलमध्येही जशीच्या तशी उतरते. दुसरा मार्ग चलनाच्या लहानात लहान एककात पूर्णांक साठवण्याचा आहे, पण तिथेही प्रत्येक चलनाला शंभर भाग असतात असे धरू नका: जपानी येनला व्यवहारात उपएकक नाही आणि कुवेती दिनाराचे हजार भाग होतात. पूर्णांकनही तपासा. पायथन ३ मध्ये २.५ चे पूर्णांकन २ येते, कारण नेमक्या अर्ध्यावर ते जवळच्या सम संख्येकडे वळते. कराचे नियम बहुधा वेगळे सांगतात.

दुसरी अडचण दुबार नोंदींची. १ ते ३१ तारखेचे विवरण उतरवल्यावर पुढच्या वेळी २५ तारखेपासूनचे उतरवले की सात दिवस दोनदा येतात. व्यवहार क्रमांक दिलेला असेल तर तोच ओळख म्हणून वापरा. नसेल तर तारीख, रक्कम, वर्णन आणि त्या ओळीनंतरची शिल्लक या चारही गोष्टी मिळून ओळख बनवा. शिल्लक सोडू नका: एकाच दिवशी एकाच ठिकाणी दोनदा तेवढीच रक्कम दिली असेल, तर शिलकीशिवाय स्क्रिप्ट दुसरा खरा व्यवहार दुबार समजून टाकून देते.

सीएसव्ही फाईल स्प्रेडशीटमध्ये उघडून परत जतन करू नका. तारखांची रूपे बदलतात आणि आरंभीची शून्ये गळतात. बँकेने दिलेली मूळ फाईल जशीच्या तशी एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि स्क्रिप्टला ती फक्त वाचू द्या. खर्चाचे वर्गीकरण वर्णनातील शब्दांवरून करणारी नियमांची यादी हळूहळू वाढवा, आणि जे ओळखता आले नाही ते ‘खर्च:अनिश्चित’ या खात्यात पडू द्या. अंदाजाने कुठे तरी ढकललेली नोंद पुन्हा सापडत नाही. ‘अनिश्चित’ मात्र दर महिन्याला समोर येऊन उत्तर मागते.

७. ताळा जुळवा

या संपूर्ण पद्धतीत एकच पायरी काटेकोरपणे पाळायची असेल तर ती ही. दुहेरी नोंद जुळली याचा अर्थ एवढाच की व्यवहाराच्या दोन बाजू सारख्या आहेत. व्यवहारच राहून गेला असेल किंवा दोन्ही बाजूंना चुकीची रक्कम पडली असेल, तर तिला ते कळत नाही. त्यासाठी बाहेरचा साक्षीदार लागतो आणि तो म्हणजे बँकेचे विवरण.

लेजर आणि एचलेजरमध्ये रकमेनंतर बरोबरचे चिन्ह देऊन त्या क्षणी अपेक्षित शिल्लक लिहिता येते:

        मालमत्ता:बँक:बचत    -४५८०.०० = ६१२४०.००

प्रोग्रामने काढलेली शिल्लक ६१,२४० नसेल तर तो तिथेच थांबून फरक सांगतो. आपण कोडसाठी चाचण्या लिहितो त्याच जातीची ही गोष्ट आहे. बीनकाऊंटमध्ये यासाठी वेगळी ओळ असते आणि ती त्या दिवसाच्या आरंभीची शिल्लक तपासते, म्हणून महिनाअखेरची शिल्लक तपासायची असेल तर पुढच्या महिन्याच्या एक तारखेची ओळ लिहावी लागते.

फरक आला तर काय करावे, हे मी एका संध्याकाळी शिकले. ताळा २७० ने चुकत होता. मी विवरणाच्या दोन्ही पानांवर बोट ठेवून एकेक ओळ जुळवत गेले, तासभर काही सापडले नाही, आणि मग हिशेबनिसांची एक जुनी युक्ती आठवली: फरकाला ९ ने भाग जात असेल तर शेजारचे दोन अंक उलटसुलट झालेले असण्याची शक्यता मोठी. २७० भागिले ९ म्हणजे ३०. शेवटचे शून्य दहा स्थानाकडे बोट दाखवत होते आणि ३ सांगत होते की उलटलेल्या दोन अंकांतील फरक ३ आहे. शतक आणि दशक स्थानी असे अंक असलेल्या नोंदी मोजक्याच होत्या. त्यातली एक ४,५८० ची होती, जी मी ४,८५० अशी लिहिली होती. दोन मिनिटांत ती सापडली. अशीच दुसरी युक्ती: फरकाच्या निम्मी रक्कम शोधा. ती एखाद्या नोंदीत जशीच्या तशी मिळाली तर तिथे अधिक-उणे उलटे पडले आहे. फरक एखाद्या व्यवहाराच्या नेमक्या रकमेइतका असेल तर ती नोंद राहिली आहे किंवा दोनदा आली आहे.

कंटाळून ‘खर्च:फरक’ अशी नोंद टाकून ताळा जुळवून घेण्याचा मोह होतो. रोख पैशाच्या बाबतीत मी तो स्वीकारते, कारण तिथे साक्षीदारच नाही. बँकेच्या बाबतीत एका पैशाचाही फरक सोडू नका. छोटा फरक हा बहुधा दोन मोठ्या चुका एकमेकींना झाकत असल्याची खूण असतो. एकदा अशाच फरकाच्या मागे लागले असताना माझी चूक नव्हतीच, एका संस्थेने बंद केलेल्या सेवेचे शुल्क पुन्हा कापले होते. विवरण आणि माझी नोंद शेजारी ठेवून तक्रार केल्यावर ते परत मिळाले.

८. गुंतवणुकीचा खरा परतावा काढा

एकूण नफा भागिले एकूण भरणा, हे गणित फसवे आहे. दर महिन्याच्या सुरुवातीला १,००० भरले आणि वर्षाअखेर १२,३९० झाले, तर वाढ ३.२५ टक्के दिसते. पण सगळा पैसा वर्षभर गुंतलेला नव्हता. पहिला हप्ता बारा महिने होता आणि शेवटचा एकच. तारखा धरून काढलेला अंतर्गत परतावा दर सुमारे ६ टक्के येतो. एचलेजरमध्ये यासाठी तयार आज्ञा आहे.

मग त्यातून महागाई वजा करा, पण वजाबाकीने नव्हे, भागाकाराने. दर ७ टक्के आणि महागाई ५ टक्के असेल तर १.०७ भागिले १.०५, म्हणजे वास्तव वाढ सुमारे १.९ टक्के. व्याजावर २० टक्के कर असेल तर हातात ५.६ टक्के येतात आणि वास्तव वाढ ०.६ टक्क्यांच्याही आत जाते. बहुतेक ठिकाणी कर संपूर्ण व्याजावर लागतो, महागाईने खाल्लेल्या भागावरही. व्याजाच्या जाहिरातीत हे दिसत नाही.

वार्षिक शुल्काकडेही नीट पाहा. दरवर्षी १ टक्का शुल्क जात असेल तर ३० वर्षांनी शुल्काशिवाय जेवढे झाले असते त्याच्या सुमारे ७४ टक्केच उरतात, परतावा कितीही असो.

९. कराचा नियम कोडमध्ये लिहून पाहा

इथून आपण सार्वजनिक धोरणाकडे वळतो. एखाद्या करबदलावर मत बनवण्यापूर्वी तो नियम फंक्शन म्हणून लिहायचा आणि आपल्या खातेवहीतील आकड्यांवर चालवायचा, असा माझा नेम आहे. नियम लिहायला बसले की कायद्यातील मोघम वाटणारे शब्द नेमके होतात, कारण संगणकाला ‘साधारणपणे’ कळत नाही.

कल्पित नियम घ्या: पहिल्या ३०० एककांवर कर नाही, पुढच्या ३०० वर १० टक्के, त्यावरील रकमेवर २० टक्के. ६०० उत्पन्नावर कर ३० आणि ६०१ वर ३०.२०. पगार वाढून वरच्या टप्प्यात गेल्यास सगळ्याच उत्पन्नावर जास्त कर लागेल, ही समजूत फार पसरलेली आहे आणि केवळ तिच्यापोटी लोकांनी वाढीव काम नाकारलेले मी पाहिले आहे. टप्प्यांच्या करात तसे होत नाही.

खरा कडा दुसरीकडे असतो. समजा ६०० पर्यंत उत्पन्न असलेल्यांना २५ चे अनुदान आहे आणि ६०१ ला ते पूर्ण थांबते. आता एक एकक अधिक कमावणाऱ्याच्या हातात २४ पेक्षा जास्त कमी येतात. अनुदान हळूहळू, प्रत्येक वाढीव एककामागे ०.४० ने घटत असेल आणि त्यावर २० टक्के करही असेल, तर त्या पट्ट्यातल्या माणसाचा प्रत्यक्ष सीमांत दर, म्हणजे प्रत्येक वाढीव एककातून जाणारा वाटा, ६० टक्के होतो, म्हणजे सर्वांत श्रीमंताच्या करदराच्या तिप्पट. कोणत्याही एका कायद्यात हा आकडा लिहिलेला नसतो. कर आणि अनुदान ही दोन फंक्शने एकत्र चालवून आलेख काढला की तो दिसतो. गरीब माणसाच्या वाट्याला येणारा हा दर धोरणाच्या चर्चेत फार कमी ऐकू येतो याची मला खंत वाटते, आणि ज्याला कोड लिहिता येतो त्याने तरी तो मोजून दाखवावा असे मनापासून वाटते.

लिहिताना दर आणि मर्यादा कोडमध्ये कोंबू नका. वर्षनिहाय वेगळ्या फाईलमध्ये, अमलात आल्याच्या तारखेसह ठेवा. प्रत्येक मर्यादेसाठी तीन चाचण्या लिहा: मर्यादेच्या एक खाली, नेमकी मर्यादेवर आणि एक वर. ‘पेक्षा जास्त’ आणि ‘किंवा जास्त’ यांतली गल्लत तिथेच पकडली जाते. मग तुमच्या मागील वर्षाच्या विवरणपत्रातील कराचा आकडा तुमच्या फंक्शनमधून येतो का ते पाहा. तो येईपर्यंत निष्कर्ष काढू नका. हे काम मोठ्या प्रमाणावर झालेले पाहायचे असेल तर फ्रान्समध्ये सुरू झालेला ओपनफिस्का हा मुक्त प्रकल्प आणि तिथल्याच इन्रिया या संगणकविज्ञान संशोधन संस्थेत विकसित झालेली कातला ही प्रोग्रामिंग भाषा पाहा. कातलामध्ये कायद्याचा मजकूर आणि त्याचे कोड शेजारी-शेजारी लिहिले जाते, त्यामुळे कायदेतज्ज्ञालाही ते तपासता येते.

१०. स्वतःची महागाई आणि सरकारचा अर्थसंकल्प

ग्राहक किंमत निर्देशांक हा सरासरी कुटुंबाच्या टोपलीवर बेतलेला असतो. टोपलीतील वजने ठरावीक ठेवून फक्त किमती बदलायच्या, ही मांडणी एतियेन लास्पेर यांनी १८७१ मध्ये केली. तुमच्या खातेवहीत तुमची स्वतःची वजने तयार आहेत. समजा निर्देशांकात घरभाड्याचे वजन २० टक्के आहे आणि तुमच्या खर्चात ते ४० टक्के. भाडे ८ टक्क्यांनी आणि बाकी सगळे ४ टक्क्यांनी वाढले, तर निर्देशांक ४.८ टक्के सांगेल आणि तुमची महागाई ५.६ टक्के असेल. दोन्ही आकडे खरे आहेत. मात्र यंदाचा एकूण खर्च गतवर्षीपेक्षा किती वाढला यालाच महागाई म्हणू नका, कारण त्यात किमतीबरोबर तुमचा वापरही बदललेला असतो. निर्देशांकाचे आधारवर्ष बदलले असेल तर सांख्यिकी कार्यालयाने दिलेल्या जोडगुणकाशिवाय (जुने आकडे नव्या मालिकेत बदलणाऱ्या गुणकाशिवाय) जुनी आणि नवी मालिका जोडू नका.

सरकारी अर्थसंकल्प वाचायला घेताना एकाच सरकारी विभागापासून सुरुवात करा, ज्याच्याशी तुमचा रोजचा संबंध येतो. अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन वेगळे आकडे असतात. बातमीत बहुधा पहिला येतो आणि प्रत्यक्ष आकडा खूप उशिरा येतो, तेव्हा त्याची बातमी होत नाही. तूट हा वर्षभरातला प्रवाह आहे आणि कर्ज हा साठा. तूट निम्म्यावर आली तरी कर्ज वाढतच असते, जसे तुमच्या कार्डावर या महिन्यात कमी उधारी झाली तरी जुनी बाकी तशीच राहते. ‘आजवरची सर्वाधिक तरतूद’ हे वाक्य महागाई असलेल्या देशात जवळजवळ दरवर्षी म्हणता येते, म्हणून आकडा आधी निर्देशांकाने आणि मग लोकसंख्येने भागा.

मी हे ज्या फाईलमध्ये करते ती हिशेबाच्याच भांडारात, शेजारच्या फोल्डरमध्ये आहे. तिच्यात निवडलेल्या एका सरकारी विभागाच्या प्रत्येक वर्षासाठी एक ओळ आहे: अंदाज, सुधारित, प्रत्यक्ष, निर्देशांक, लोकसंख्या, आणि आकडा कोणत्या दस्तऐवजाच्या कोणत्या पानावरून घेतला त्याची नोंद. दहा वर्षांच्या दहा ओळी भरायला एक सुट्टीचा दिवस लागतो. पानाचा क्रमांक लिहायला विसरू नका. पुढच्या वर्षी जुना आकडा सुधारून प्रसिद्ध झाला, तर तुमचा आकडा कुठून आला होता हे त्या रकान्याशिवाय कोणालाही सांगता येणार नाही.